विहिरीतले पोहणे आणि कुंडलिकेचे पाणी

कुंभारीच्या शिवारात पोहायला शिकायचे म्हणजे विहीर गाठायची. पाठीला रिकामा डबा बांधायचा, थोरल्या भावाने किंवा काकाने काठावरून ढकलून द्यायचे आणि आठ-दहा दिवसांत डबा सोडायचा. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ या सगळ्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पोरे अशीच पोहायला शिकली. असा शिकलेला माणूस पाण्याला सहसा भीत नाही. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. दमला की भिंतीचा दगड धरता येतो, पायऱ्या कुठे आहेत हे डोळे मिटूनही कळते.

हाच माणूस जोडून सुटी आली की मित्रांबरोबर गाडी करून रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जातो. तिथे कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते. फुगवलेल्या रबरी तराफ्यात आठ-दहा जण बसतात, हातात वल्ही, मागे गाइड, आणि समोर दगडांवरून फेसाळत जाणारी नदी. निघण्यापूर्वी गाइड अर्धा तास सूचना देतो. त्या वेळी मागे उभा राहून मोबाइल बघणारा बहुधा तोच असतो, ज्याला पोहता येते. ‘मला काय सांगतो, मी विहिरीत वाढलोय,’ हा भाव चेहऱ्यावर दिसतो.

अडचण अशी, की उभ्या पाण्यात कमावलेले काही प्रतिक्षेप फेसाळत्या पाण्यात निरुपयोगी ठरतात आणि एक-दोन तर थेट जिवावर बेततात. त्यामागे साधे विज्ञान आहे, शाळेत शिकलेलेच. पण आधी त्या पाण्याविषयी, कारण त्याचे सोलापूरशी जुने नाते आहे.

पूर्वेचे पाणी पश्चिमेला

सोलापूरहून कोलाडला जाताना पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, तिथून पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटातून आणखी शंभरावर. या रस्त्यात मुळशी धरणाचा जलाशय बराच वेळ सोबत करतो. हे पाणी मुळा नदीचे. नदीला तिच्या मनाप्रमाणे जाऊ दिले असते तर ते पुण्यात मुठेला मिळाले असते, पुढे भीमेत, भीमेतून उजनीत, पंढरपुरात आणि शेवटी सोलापूर शहराची तहान भागवणाऱ्या औज बंधाऱ्यात.

मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यानेच ‘सेनापती’ झाले. लढा हरला, धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. तेव्हापासून मुळेचे पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवले जाते आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या जनित्रांवर सोडले जाते. हे पाणी भीमेच्या खोऱ्याला परत मिळावे, ही मागणी सोलापूर जिल्ह्यात अधूनमधून उठते. तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

इथे लक्षात घ्यायचा तो उतार. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि उजनी पूर्ण भरते तेव्हा तिची पातळी ४९७ मीटरच्या आसपास असते. म्हणजे पूर्वेकडे जाताना या पाण्याला दोनशेच्या आसपास किलोमीटरमध्ये जेमतेम १०० मीटर उतरायचे असते. म्हणून भीमा संथ. पश्चिमेला मात्र सह्याद्रीचा कडाच आहे. काही किलोमीटरमध्ये अर्धा किलोमीटर खाली.

भिऱ्यात वीज करून झालेले पाणी खालच्या तळ्यात अडवतात, रवाळज्याजवळ त्यातून पुन्हा वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. राफ्टिंग होते ते याच सोडलेल्या पाण्यावर, साधारण बारा-तेरा किलोमीटर. त्यामुळे इथली वेळ सकाळची. पाणी आले की राफ्ट निघतात आणि पाण्याच्या पाठीवर बसून जातात. पाणी ओसरले की त्याच नदीत दगड उघडे पडतात. उन्हाळ्यातही इथे राफ्टिंग होऊ शकते ते यामुळेच. पाऊस नसतो, पण विजेची गरज असते. खालच्या गावांत धुणे धुणाऱ्या किंवा सहलीला आलेल्या लोकांसाठी मात्र हीच गोष्ट धोक्याची. कोरड्या आभाळाखाली नदी अचानक चढते.

खळाळत्या पाण्याची प्रतवारी जगभर एक ते सहा अशी करतात. पहिल्या प्रतीत लहान लाटा, सहाव्यात जवळजवळ अशक्य. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीची मानली जाते. हृषीकेशच्या वरच्या अंगाला गंगेत चौथ्या प्रतीचे टप्पे आहेत. म्हणजे कोलाड हे नवशिक्याला झेपणारे ठिकाण आहे. पण तिसऱ्या प्रतीच्या लाटेतही राफ्टमधून माणूस बाहेर फेकला जातो, आणि पुढचे सारे त्या दोन-तीन मिनिटांत ठरते.

उभे राहण्याचा मोह

पाण्यात पडलेल्या माणसाचे पाय आपसूक जमीन शोधतात. विहिरीत तळ लागत नाही म्हणून हा प्रश्न येत नाही. नदीत मात्र पाणी कमरेएवढे झाले की उभे राहावेसे वाटते. सर्वांत घातक चूक हीच.

वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. साधा हिशेब करू. छातीपर्यंत पाण्यात उभ्या माणसाचे अर्धा चौरस मीटर अंग प्रवाहासमोर आहे असे धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी त्याला सुमारे २५ किलो वजनाच्या जोराने ढकलते. वेग २ मीटर झाला की हाच जोर १०० किलोच्या घरात जातो. सेकंदाला २ मीटर म्हणजे ताशी ७ किलोमीटर, भरभर चालण्याचा वेग. काठावरून पाहताना तो वेग मुळीच भीतिदायक वाटत नाही.

आता तळाशी दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले, असे समजा. मागून शंभर किलोचा रेटा येतो. माणूस पुढे झुकतो, पाय सुटत नाही आणि डोके पाण्याखाली जाते. एकदा वाकला की त्या जोराविरुद्ध पुन्हा ताठ होणे पहिलवानालाही जमत नाही. हा प्रकार खोल पाण्यात होत नाही. तो होतो गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या, म्हणजे ‘इथे काय बुडणार’ असे वाटणाऱ्या पाण्यात.

म्हणून गाइडची पहिली सूचना असते ती उताणे होण्याची. पाठीवर झोपायचे, पावले पाण्याच्या वर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, गुडघे किंचित वाकलेले. समोर दगड आलाच तर तो पायाला लागतो, डोक्याला नाही. पोहण्याची घाई करायची नाही. हात थोडे हलवून दिशा राखायची आणि श्वास लाटेच्या खळग्यात घ्यायचा, माथ्यावर नाही. माथ्यावर तोंडात पाणी जाते. पाणी गुडघ्याच्या खाली आल्याशिवाय उभे राहायचे नाही. शक्यतो बसत, सरपटतच काठ गाठायचा.

पोहणे कामाला येते ते दोन ठिकाणी. गाइडने हात करून दिशा दाखवली की पालथे होऊन जीव खाऊन तिकडे पोहायचे. आणि समोर पाण्यात पडलेले झाड किंवा फांद्यांचे जाळे दिसले, तर त्यापासून दूर. फांद्या चाळणीसारख्या असतात. पाणी पार जाते, माणूस अडकतो. पावसाळ्यात कोकणातल्या नद्यांमध्ये अशी झाडे नेहमी असतात.

काठावरून दोर फेकला तर तो छातीशी धरून पाठीवर राहायचे. मनगटाला गुंडाळायचा नाही, कारण वेळ आली तर सोडता आला पाहिजे. राफ्टच उलटली आणि माणूस तिच्याखाली गेला, तर वर हात लावून एकाच दिशेने सरकत जायचे. राफ्ट काही मैलभर लांब नसते, दोन-चार हात सरकले की आकाश दिसते. घाबरून उलटसुलट फिरणारा मात्र तिथेच राहतो.

फेसात माणूस जड होतो

विहिरीत हातपाय न हलवताही अंग तरंगू शकते, कारण माणसाची घनता पाण्याइतकीच, फुप्फुसे भरलेली असताना किंचित कमी असते. शाळेतले आर्किमिडीजचे तत्त्व. जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल. पण खळाळत्या नदीतला पांढरा भाग म्हणजे निव्वळ पाणी नसते, त्यात हवेचे बुडबुडे कोंबलेले असतात. एखाद्या जागी निम्मी हवा असेल, तर त्या मिश्रणाची घनता निम्मी आणि वर उचलणारा जोरही निम्मा. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे दगडासारखा खाली जातो. हात मारावेत तर हातालाही पाणी पुरेसे लागत नाही.

लाइफ जॅकेटचे काम इथे सुरू होते. निवांत पाण्यात डोके वर ठेवायला प्रौढाला चार-पाच किलोचा आधार पुरतो. नदीत वापरायच्या चांगल्या जॅकेटचा आधार त्याच्या दुपटीच्या आसपास असतो, तो फेसासाठी. जॅकेट ढिले असेल तर मात्र ते एकटेच वर येते आणि माणूस आतून घसरतो. पारख सोपी आहे. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत आले तर ढिले आहे. फोटो चांगला यावा म्हणून बक्कल सोडणे, हेल्मेट काढून कपाळावर केस आणणे हे प्रकार प्रत्येक गटात एखादा करतोच.

जॅकेटचा प्रश्न डोंगरातल्या नदीपुरता नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात लहान मुलेही होती. उजनीत ना उतार, ना खडक, ना फेस. कोलाडला मौजेसाठी जॅकेट घालणाऱ्याने तेच रोजच्या बोटीतही मागायला हवे.

फेसाबरोबर येणारा दुसरा धोका राफ्टिंगवाल्यांच्या भाषेत ‘होल’. पाणी मोठ्या दगडावरून खाली कोसळते, तळाशी जाते आणि त्याने केलेली पोकळी भरायला पृष्ठभागावरचे पाणी उलटे, म्हणजे दगडाकडे धावते. त्यात सापडलेली वस्तू खाली जाते, वर येते, मागे ओढली जाते, पुन्हा खाली. नदीतल्या दगडापाशी हे चक्र लहान असते आणि बाजूने निसटायला वाट मिळते.

सोलापूरकरांनी घाबरायला हवे ते बंधाऱ्याला. भीमेवर आणि सीनेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. उजनीतून पाणी सुटले किंवा पाऊस झाला की भिंतीवरून पाण्याची एकसारखी चादर पडते. दिसायला देखणी, म्हणून पोरे खाली अंघोळीला उतरतात. पण ती चादर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असते, त्यामुळे खालचे चक्रही सलग असते. निसटायला बाजू नाही. वाचवायला उडी मारणाराही त्याच चक्रात सापडतो. एकामागोमाग दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हेच असते. कोलाडचा गाइड असल्या भिंतीपाशी राफ्ट कधीच नेणार नाही.

कोणी जाऊ नये

सोलापूरहून रात्रभर गाडीत बसून, अर्धवट झोपेत, रिकाम्या पोटी सकाळी नदीवर उतरणे ही वाईट सुरुवात आहे. आदल्या दुपारी पोहोचून रात्री झोप घेतली तर निम्मे प्रश्न मिटतात. दारूचा एक घोटही नको. तिने प्रतिक्षेप मंदावतात आणि भीती कमी होते, आणि नदीत ही भीतीच माणसाला सूचना ऐकायला लावते.

राफ्ट लाटेत शिरते तेव्हा अॅड्रिनलिन उसळते, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. निरोगी माणसाला यातच मजा येते. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फेफरे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर काठावर बसून बघावे. खांदा पूर्वी निखळलेला असेल तर वल्हे मारताना तो पुन्हा निखळू शकतो. दम्याच्या रुग्णाने पंप पाणी न लागणाऱ्या पिशवीत गाइडकडे द्यावा. मधुमेहाच्या रुग्णाने न्याहारी चुकवू नये. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, तिथे हुज्जत घालू नये. बऱ्याच जखमा पाण्यात नव्हे, राफ्टमध्येच होतात. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ सुटली की ती शेजाऱ्याचे दात पाडते. म्हणून एक हात कायम मुठीवर ठेवायचा.

हिमालयातल्या नद्यांत आणखी एक धोका आहे, थंडीचा. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो आणि मिनिटभर धापा टाकतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात. कुंडलिकेचे पाणी त्या मानाने कोमट. गंगेत थंडीच्या दिवसांत किंवा लडाखमध्ये झंस्कारला जाणाऱ्याने मात्र अंगाला घट्ट बसणारा थंडीरोधक पोशाख मागून घ्यावा.

महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी विचारावी, प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला गाइड आहे का हे विचारावे, आणि राफ्टबरोबर वाचवणारी कयाक असते का तेही. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. बाहेर काढलेल्याला पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून उलटे टांगणे हे आपल्याकडे अजून चालते. त्यात पोटातले पाणी घशात येते आणि मोलाची मिनिटे जातात. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायूअभावी, म्हणून इथे आधी श्वास. उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास, हे १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. शुद्धीवर आलेला, पण खोकणारा किंवा धाप लागलेला माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली हवा. फुप्फुसाची सूज उशिरा दिसते.

आणि एक गोष्ट घरी परतल्यानंतरची. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आढळतो. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात येतात आणि खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून किंवा तोंडावाटे शरीरात शिरतात. १९९६ मध्ये कोस्टारिकात राफ्टिंग करून परतलेल्या अमेरिकी पर्यटकांमध्ये या आजाराची साथ आढळली होती. नदीतून आल्यावर ताप येतो तो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर सहलीचे फोटोही जुने झालेले असतात. थंडी वाजून ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, ही लक्षणे डेंगीसारखीच वाटतात, आणि सोलापूरच्या कोरड्या मुलखात आधी विचार डेंगीचाच होतो. वेळेवर साधी प्रतिजैविके दिली तर आजार आवरतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो. त्यामुळे गावातला दवाखाना असो की कुंभारीचे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, केसपेपर काढताना डॉक्टरांना आपणहून सांगावे की अमुक तारखेला कोकणातल्या नदीत उतरलो होतो, आणि पायाला खरचटलेही होते.